चौघे परत आले होते, तरी २०२२-२३ला नॉर्थ कॅरोलायनाचं बिनसलं कुठे?

नवखा_डरहॅमकर

नमस्कार मंडळी. मी २०२३च्या ऑगस्टमध्ये नोकरीसाठी डरहॅमला आलो. इथे कॉलेज बास्केटबॉलचं वेड, आणि बास्केटबॉलशी माझा संबंध शाळेतल्या पीटीच्या तासापुरता. पण इथे राहायचं तर दोन निळ्यांपैकी एक निळा निवडावाच लागतो, ड्यूकचा गडद की चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायनाचा फिकट, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. टीममधले तिघे चॅपल हिलचे निघाले, म्हणून मी मुकाट फिकट निळा घेतला.

सध्या जुन्या गेम बघत मागे मागे जातोय. २०२२चा मार्च, म्हणजे एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धा, बघून वेडा झालो. आठवं सीड, म्हणजे गटातलं आठवं मानांकन, आणि थेट फायनल! वाटेत सेमीफायनलला ड्यूक, तेही त्यांचे कोच के यांचा शेवटचा गेम. फायनलला कॅन्ससपुढे हाफटाइमला १५ची आघाडी, आणि शेवटी ७२-६९ने हार. ठीक आहे, होतं असं. त्यानंतर पाचपैकी चार स्टार्टर परत आले: बेकॉट, लव्ह, आर. जे. डेव्हिस, लीकी ब्लॅक. नव्या सीझनआधीच्या एपीच्या यादीत, म्हणजे त्या वृत्तसंस्थेने पत्रकारांच्या मतांवर काढलेल्या क्रमवारीत, पहिला नंबर. आणि मग मार्च २०२३ला ६८ टीमच्या स्पर्धेत नावच नाही?

ऑफिसात विचारलं तर एकजण म्हणाला, "वुई डोन्ट टॉक अबाउट दॅट इयर," आणि कॉफी आणायला निघून गेला. तुम्हीच सांगा. कोच चुकला, पोरं चुकली, की नुसतं नशीब?

रॅलेची_मावशी

अरे बाळा, या प्रश्नाचं उत्तर चॅपल हिलच्या माणसाकडून ऐकू नकोस, रात्र जाईल. मी लाल रंगाची, एनसी स्टेटवाली. १९ फेब्रुवारी २०२३ला आमच्याकडे येऊन ७७-६९ने हरून गेले, तेव्हा मी तिथेच होते.

माझं मत दोन ओळींत. कोच ह्यूबर्ट डेव्हिसचा बेंचवर, म्हणजे राखीव पोरांवर, विश्वास नव्हता. पाचजणांना पिळून काढायचं आणि बाकीच्यांनी टॉवेल हलवायचे. आदल्या वर्षी त्याच पाचांचं 'आयर्न फाइव्ह' म्हणून कौतुक झालं. दुसऱ्या वर्षी लोखंडाला गंज चढला. संपलं.

वरच्या_ओळीतला

मावशी, रात्र जाणार नाही, पण एक चहा होईल एवढं लिहितो.

मी इथे एकोणीस वर्षं आहे. आमच्या टीमचं घरचं कोर्ट डीन स्मिथ सेंटर, तिथे २१,७५० खुर्च्या आहेत, आणि मला मिळते ती बहुतेक वेळा पार वरची, छताला डोकं टेकेल अशी. बायको म्हणते, एवढ्या वरून बघण्यापेक्षा घरी टीव्हीवर बघ, निदान चेहरे तरी दिसतील. मला चेहरे नकोच असतात. वरून कोर्ट नकाशासारखं दिसतं. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. वरून मात्र ज्याच्याकडे बॉल नाही तो काय करतोय आणि त्याला राखणारा कुठे उभा आहे, हे दिसतं. माझ्याकडे एक शाळकरी चौकटीची वही आहे. इतर लोक पॉइंट लिहितात, मी राखणाऱ्याच्या जागी फुली मारतो. छंद विचित्र आहे, मान्य.

त्या दोन सीझनच्या पानांवरून सांगतो. चौघे परत आले, हे खरं. पण जो गेला त्याच्यामुळे बाकीच्या चौघांना जागा मिळत होती.

ब्रेडी मॅनेक. ओक्लाहोमाहून एका वर्षासाठी आलेला, मोठी दाढी, सहा फूट नऊ इंच. कागदावर पॉवर फॉरवर्ड, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा धिप्पाड गडी, प्रत्यक्षात तीनच्या रेषेबाहेर, जिथून शॉटला तीन पॉइंट (थ्री) मिळतात तिथे, ठाण मांडून बसलेला नेमबाज. थ्रीचा टक्का चाळीसच्या घरात. माझ्या वहीत त्याला राखणाऱ्याची फुली कायम त्याच्या अंगाला चिकटलेली. त्या माणसाला आत सरकायची सोयच नव्हती, पाऊलभर सरकला की मॅनेकचा शॉट सुटलाच. परिणाम काय? बास्केटखाली आर्मांडो बेकॉट आणि त्याचा एकटा राखणारा. बेकॉटला एकट्याने अडवणं त्या वर्षी कुणाला जमलं नाही. ३१ डबल-डबल (एका गेममध्ये पॉइंट आणि रिबाउंड दोन्ही दोन आकडी) काढून त्याने डेव्हिड रॉबिन्सनच्या विक्रमाशी बरोबरी केली. शिवाय लव्ह आणि डेव्हिसला आत घुसायला गल्ली मोकळी. आपल्या कबड्डीत कोपऱ्यातल्या एकाच्या भीतीने रेडर त्या बाजूला जातच नाही आणि अख्खं मैदान निम्मं होतं, तसा तो नुसता उभा राहून बचाव ताणून धरायचा.

आता पुढच्या वर्षीचं पान. मॅनेकच्या जागी नॉर्थवेस्टर्नहून पीट नॅन्स आला. गुणी पोरगा, लॅरी नॅन्सचा मुलगा. नॉर्थवेस्टर्नच्या शेवटच्या वर्षी त्याचा थ्रीचा टक्का ४५च्या आसपास होता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, अदलाबदल झाली, काम फत्ते. इथे येऊन तो तिशीच्या सुरुवातीला घसरला. लीकी ब्लॅक मुळात बचावाचा माणूस, समोरच्या टीमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला जखडून ठेवणारा. त्याच्या शॉटला कुणी फारसं भ्यायचं नाही. म्हणजे बेकॉट धरून तिघे असे, ज्यांना रेषेवर राखायची गरज नाही. माझ्या वहीत फुल्या एकदम आत आल्या. बेकॉटच्या भोवती तीन तीन. बॉल त्याच्याकडे गेला की दोघे अंगावर, तिसरा वाटेत. आणि लव्ह आत घुसला की समोर भिंत.

भिंत दिसली की तो मागे येऊन लांबूनच मारायचा. केलेब लव्हला लोकांनी त्या वर्षी फार शिव्या घातल्या. थ्रीचा टक्का ३०च्या आसपास, तरी मारतोच आहे. मला विचाराल तर तो तोच पोरगा होता. २०२२च्या मार्चला यूसीएलएविरुद्ध ३० पॉइंट, त्यातले २७ दुसऱ्या हाफमध्ये. ड्यूकविरुद्ध २८, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात मार्क विल्यम्सच्या हातावरून तो थ्री. दोनच दिवसांनी फायनलला २४ शॉटपैकी ५ गेले. तेव्हाही तो असाच होता: एका रात्री राजा, दुसऱ्या रात्री रंक. फरक इतकाच की २०२२ला वाईट रात्री झाकायला दाढीवाला होता.

आता नवख्या, तू गेम मागे जाऊन बघतोयस म्हणून एक गेम सुचवतो, उत्तर त्यात आधीच लिहून ठेवलं होतं. १९ मार्च २०२२, फोर्ट वर्थ, बेलरविरुद्ध. बेलर म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते आणि पहिलं सीड. मॅनेकचे २६ पॉइंट, स्कोअर ६७-४२, दहा मिनिटं बाकी. तेवढ्यात मॅनेकचं कोपर एकाला लागलं, रेफ्रींनी रिप्ले बघितला आणि त्याला बाहेर काढलं. त्यापुढची दहा मिनिटं शांतपणे बघ. २५ची आघाडी वितळली, ८०-८०, ओव्हरटाइम! जिंकलो ९३-८६ने, आणि जिंकलो म्हणून आम्ही सगळे ती दहा मिनिटं विसरलो. वर्तमानपत्रं विसरली, एपीचे मतदार विसरले, मी पण विसरलो. पुढचं अख्खं वर्ष म्हणजे ती दहा मिनिटं, फक्त ताणलेली.

दुसरं एक, जे इथे म्हटलं की लोक चिडतात. २०२२ची ती टीमसुद्धा मार्च उजाडेपर्यंत काही थोर नव्हती. केंटकीकडून ९८-६९, मायामीकडून ८५-५७, वेक फॉरेस्टकडून ९८-७६. १६ फेब्रुवारीला घरच्या कोर्टवर पिट्सबर्गकडून हार; त्या रात्री पार्किंगमधून गाडी काढताना मी बायकोला म्हटलं होतं की यंदा स्पर्धेचं विसर. मग ५ मार्चला ड्यूकच्या घरी कॅमेरॉनमध्ये, कोच के यांच्या तिथल्या निरोपाच्या गेमला, ड्यूकला ९४-८१ने हरवलं आणि पुढचा महिना सगळंच सोनं झालं. तो महिना खरा होता, नाही कसं म्हणू? पण पुढच्या वर्षीचा पहिला नंबर त्या महिन्यावर दिला गेला, त्याआधीच्या चार महिन्यांवर नाही.

लेक्सिंग्टनकर

वरच्या ओळीतले काका, वही आवडली. पण बेलरच्या गेमवर एवढी इमारत उभी करू नका. त्या दहा मिनिटांत लव्हही पाच फाऊल होऊन बाहेर गेला होता आणि बेलरचा फुल कोर्ट प्रेस, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर येणारा बचाव, भयंकर होता. फक्त मॅनेक नव्हता म्हणून नाही झालं ते.

आमचं दुखणं याच्या उलटं, म्हणून सांगतो. केंटकी २०१२ला विजेते. अँथनी डेव्हिससकट सगळा संच एनबीएला गेला. आमचे कोच कॅलिपारींनी नव्या भारी पोरांची टोळी आणली, लोक म्हणाले, पुन्हा तेच होणार. १२ फेब्रुवारी २०१३ला फ्लोरिडात नर्लन्स नोएलचा गुडघा गेला आणि त्याच्याबरोबर बचाव गेला. एनसीएएत जागा न मिळालेल्यांच्या स्पर्धेत, एनआयटीत, पहिल्याच फेरीला रॉबर्ट मॉरिसकडून ५९-५७. आणि तो गेम त्यांच्या लहानशा जिममध्ये, कारण आमच्या रप अरीनात त्या आठवड्यात एनसीएएच्या गेम होत्या. आपल्याच घरी दुसऱ्यांची लग्नं आणि आपण बाहेर!

आमच्याकडे सगळे नवे होते म्हणून बोंब झाली, तुमच्याकडे सगळे जुने असून झाली. मग "अनुभव हवा, अनुभव हवा" म्हणतात त्याचं काय करायचं?

वरच्या_ओळीतला

लेक्सिंग्टनकर, लव्हचा मुद्दा बरोबर. माझ्या वहीत त्या गेमचं पान नाहीच, तो मी टीव्हीवर बघितला, त्यामुळे थोडी सूट द्या. प्रेसपुढे बॉल आणायला हात कमी पडले, हे मान्य. तरी मॅनेक गेल्यावर त्यांना प्रेस करायची हिंमत आली, एवढं म्हणतो. प्रेस फोडला की पुढे मोकळा उभा नेमबाज असेल, तर प्रेस करणाऱ्याला दहादा विचार करावा लागतो.

अनुभवाचं म्हणाल, तर जुन्यांची एक अडचण असते, ती नव्यांना नसते. आमच्या पोरांना एक गोष्ट पक्की माहीत होती: आपण मार्चमध्ये स्विच दाबतो आणि दिवा लागतो. नोव्हेंबरला गार्डनर-वेबविरुद्ध घरी ७२-६६ने कसेबसे जिंकलो. मी वरून बघत होतो, बचावात कुणी पाय हलवत नव्हतं. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ, डीन स्मिथच्या जमान्यापासून येणारे, ते म्हणाले, "दे आर वेटिंग." मला तेव्हा कळलं नाही कशाची वाट बघतायत.

मग पोर्टलंडची ट्रिप. २५ नोव्हेंबरला आयोवा स्टेट, केलेब ग्रिल नावाच्या पोराने एकट्याने ३१ केले. २७ला अॅलाबामा, चार ओव्हरटाइम, १०३-१०१. चाळीस मिनिटांचा गेम साठ मिनिटांचा झाला, लव्हचे ३४ पॉइंट, आणि हातात काय? भोपळा. तिथून देश ओलांडून ३० तारखेला इंडियानात, ७७-६५. ४ डिसेंबरला व्हर्जिनिया टेक, ८०-७२, त्यात बेकॉट खांद्यामुळे बाहेर. दहा दिवसांत चार पराभव. ५ डिसेंबरच्या एपीच्या यादीत, जिथे महिन्याभरापूर्वी पहिलं नाव आमचं होतं, तिथे पंचवीसमध्येही नाव नाही.

मावशींचं बेंचबद्दलचं म्हणणं इथे बसतं, ते मी नाकारत नाही. साठ मिनिटांच्या गेमनंतर तीन दिवसांनी तीच पाच पोरं. आणि आदल्या वर्षीच्या बेंचवरून काहीजण आधीच निघून गेलेले. कर्विन वॉल्टन, जो पहिल्या वर्षी ४२ टक्क्यांनी थ्री मारत होता, तो टेक्सास टेकला गेला. त्या वर्षी नेमबाजाची सगळ्यात जास्त गरज, आणि आपला नेमबाज सटकला. कॉलेज बदलायची सोय करणारं ट्रान्सफर पोर्टल आल्यापासून सातव्या-आठव्या नंबरचा खेळाडू कुणी थांबतच नाही. बेंचवर बसलेला पोरगा म्हणतो, मला दुसरीकडे वीस मिनिटं मिळतायत. त्याचंही चुकत नाही.

रॅलेची_मावशी

बघा, आता गाडी रुळावर आली. पण नॅन्सवर सगळं खापर फोडू नका हं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणी शॉट मारून ओव्हरटाइम कुणी आणला? त्यानेच. आणि पाठ दुखत होती बिचाऱ्याची.

वरच्या_ओळीतला

अगदी बरोबर. तो शॉट नसता तर विसाचे एकोणीस विजय झाले असते. आणि बेकॉटचा घोटाही सांगायला हवा: १० जानेवारीला व्हर्जिनियात सुरुवातीलाच मुरगळला, तो गेम ६५-५८ने गेला. त्याच महिन्यात त्याने टायलर हॅन्सब्रोचा रिबाउंडचा विक्रम मोडला, आणि स्टँडिंग ओव्हेशन देताना माझ्या मनात मात्र गणित चाललं होतं की एवढे रिबाउंड येतात, कारण एवढे शॉट चुकतात.

नवख्यासाठी निवडीचं गणित. तेव्हा ६८ पैकी ३२ जागा आपापली कॉन्फरन्स (कॉलेजांची विभागीय लीग, आमची एसीसी) जिंकणाऱ्यांना होत्या. उरलेल्या ३६ समितीने वाटल्या, आणि ती बघते की तू तगड्यांना हरवलंस का. त्याला क्वाड १ म्हणतात: घरी नेट नावाच्या एनसीएएच्या क्रमवारीतल्या पहिल्या तिसांना, तटस्थ कोर्टवर पहिल्या पन्नासांना, बाहेर जाऊन पहिल्या पंचाहत्तरांना. आमचा तिथला हिशेब १-९, एक विजय, नऊ पराभव. एकमेव विजय २५ फेब्रुवारीला घरी, व्हर्जिनियाविरुद्ध ७१-६३. एकूण २०-१३ ऐकायला इतकं वाईट वाटत नाही. १-९ ऐक.

आणि हे पराभव कसे, तर हाततोंडाशी आलेले. पिट्सबर्ग ७६-७४, पिट्सबर्ग पुन्हा ६५-६४, ड्यूक ६३-५७, ड्यूक पुन्हा ६२-५७. एकदाही कुणी तुडवलं नाही. रोज थोडं थोडं कमी पडत गेलं.

४ मार्चचा तो ड्यूकचा घरचा गेम मी बघितला. ब्लॅकचा घरचा शेवटचा गेम. अख्खं सेंटर भरलेलं, फिकट निळं, सुरुवातीला कानठळ्या. दुसऱ्या हाफला एक वेळ अशी आली की मला एवढ्या उंचावर रिंगेवर बॉल आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. वीस हजार माणसं आणि तो आवाज. गेल्या मार्चसारखा दिवा लागायची सगळे वाट बघत होते, मीही. वहीत त्या दिवशीच्या निम्म्या पानानंतर फुल्या नाहीत, मी मारायच्या थांबवल्या.

पाच दिवसांनी ग्रीन्सबरोला एसीसीच्या स्पर्धेत व्हर्जिनियाकडून ६८-५९. १२ मार्चला यादी जाहीर झाली, नाव नाही. १९८५ला स्पर्धा ६४ टीमची झाल्यापासून सीझनआधीच्या पहिल्या नंबरवरून थेट बाहेर राहिलेली ही पहिलीच टीम. एनआयटीचं दार उघडं होतं, आमच्या लोकांनी नकार दिला. त्यावर घरी वाद झाला. मी म्हणत होतो खेळायला हवं होतं, २०१०ला विजेतेपदानंतरचं वर्ष असंच फसलं तेव्हा आपण एनआयटी खेळलोच होतो, फायनलपर्यंत गेलो होतो. बायको म्हणाली, पोरं दमलीत, सोड ना. आता वाटतं तिचं बरोबर होतं.

नवखा_डरहॅमकर

काका, वही स्कॅन करून टाका की! आज बेलरचा गेम बघितला. मॅनेकला बाहेर काढतात तिथे पॉज करून नंतरच्या फुल्या स्वतः मारून बघितल्या. लेक्सिंग्टनकर म्हणतात तसा प्रेस जबरदस्त आहे, पण हाफ कोर्टातही राखणारे आत आलेले दिसतात.

शेवटचा प्रश्न. त्या सीझननंतर लव्ह दुसऱ्या कॉलेजला गेल्यावर टीम सुधारली असं सगळे म्हणतात. म्हणजे शेवटी दोष त्याचाच होता का?

वरच्या_ओळीतला

सुधारली, हे खरं. स्टॅनफर्डहून हॅरिसन इंग्रम आला, नोत्र दामहून कॉर्मॅक रायन, नवा पॉइंट गार्ड एलियट कॅडो. फुल्या परत बाहेर गेल्या. एसीसीत १७-३, पहिलं सीड, आणि आर. जे. डेव्हिस एसीसीचा प्लेयर ऑफ द इयर. पण लव्हही सुधारला! तो ॲरिझोनाला गेला आणि तिथे पॅक-१२चा प्लेयर ऑफ द इयर झाला. एकाच बॅककोर्टातले दोघे, वेगळे झाले आणि दोघांनाही एकाच वर्षी आपापल्या कॉन्फरन्सचा मान.

२८ मार्च २०२४ला दोघांच्याही टीम लॉस एंजेलिसला, एकाच इमारतीत. दोन्ही जिंकल्या असत्या तर पुढचा गेम एकमेकांशी. आधी ॲरिझोना क्लेमसनकडून हरली, ७७-७२. मग आम्ही हरलो, ८९-८७, आणि समोर पुन्हा अॅलाबामा. त्या रात्री लव्हचे थ्री नऊपैकी शून्य. आर. जे.चेही नऊपैकी शून्य.

वही स्कॅन करणार नाही, अक्षर घाण आहे. डिसेंबरात एखाद्या गेमला ये, माझ्या शेजारी बहुतेक वेळा एक खुर्ची रिकामी असते.